टेबल मॅट सपाट बसत नाही: प्लेन कापडाच्या पेपर पीसिंगमधले नेहमीचे दोष

पेपर पीसिंग म्हणजे छापलेल्या कागदावर कापडाचे तुकडे शिवून नक्षी जुळवणं. आधी लक्षणं लिहिते. यातलं एक जरी तुमच्या मॅटमध्ये दिसत असलं, तरी पुढचं वाचा.

- मॅट टेबलावर ठेवली की एखादा कोपरा उचललेला राहतो. तळव्याने दाबला की बसतो, हात काढला की पुन्हा वर.
- कडा लाटेसारख्या खालीवर होतात, किंवा कडा नीट बसतात आणि मधोमध फुगा येतो.
- सहा मॅट एकावर एक ठेवल्या की कडा जुळत नाहीत. एखादी पाव-अर्धा इंच आखूड निघते.
- चांदणीची टोकं शेजारच्या ब्लॉकच्या (जोडायच्या नक्षीदार चौकोनाच्या) शिवणीत गडप होतात.
- पांढऱ्या किंवा लिंबू रंगाच्या तुकड्याखालून गडद पट्टी दिसते.
- कागद फाडताना टाके सैल पडतात.
- शिवताना टाके सुटतात, नाहीतर कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो.
- पहिल्या धुण्यात मॅट आक्रसते किंवा एका तुकड्याचा रंग दुसऱ्याला लागतो.

मी पुण्यात घरी शिवणाचे वर्ग घेते आणि हे दोष वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले आहे. माझ्या स्वतःच्या कामात झालेले आणि विद्यार्थिनींनी पिशवीत घालून आणलेले, दोन्ही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बाई मशीनवर संशय घेऊन येते आणि दोष निघतो कागदाच्या मापात किंवा कापडाच्या धाग्यात. म्हणून खालची तपासणी त्याच क्रमाने आहे. आधी जिला पैसा लागत नाही ती, मग जिच्यात थोडं उसवावं लागतं ती, आणि मशीन अगदी शेवटी. मधली पायरी गाळू नका.

उदाहरणासाठी मी नेहमीची मॅट धरते: ६ इंचांचे सहा ब्लॉक, तीन आडवे आणि दोन उभे, म्हणजे १८ बाय १२ इंच. प्रत्येक ब्लॉकला चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड), म्हणजे सुटा ब्लॉक साडेसहा इंचांचा. कागदावर छापलेल्या रेघेवर टीप मारायची, कापड कागदाच्या मागच्या बाजूला लावायचं, तुकडा उलटवून दाबायचा आणि पुढचा जोडायचा. रेघेवरच शिवायचं असल्यामुळे अगदी बारीक टोकंही नेमकी येतात.

प्लेन कापडात हे काम सुंदर दिसतं, पण छापील कापड जे पोटात घालतं ते प्लेन कापड घालत नाही. फुलाफुलांच्या कापडात अर्ध्या सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक डोळ्याला कळत नाही. मोहरी रंगाच्या शेजारी गडद निळा असला की तीच चूक टेबलाच्या पलीकडून दिसते. एक सवलत मात्र प्लेन कापड देतं. त्याला बहुतेक वेळा सुलट-उलट बाजू नसते, त्यामुळे पॅटर्न आरशातल्यासारखा उलटा येतो म्हणून तुकडा चुकीच्या बाजूने कापला गेला, तरी तो पालथा करून वापरता येतो.

कागदावर पट्टी ठेवा

सगळ्यात आधी छापलेला कागद तपासा. बहुतेक पॅटर्नच्या पानावर एक इंचाचा चौकोन दिलेला असतो. तो स्टीलच्या पट्टीने मोजा, आडवाही आणि उभाही. चौकोन नसेल तर ब्लॉकची बाहेरची रेघ मोजा.

पेपर पीसिंगचे पुष्कळ पॅटर्न अमेरिकेतून येतात आणि तिथल्या लेटर मापाच्या पानावर बसवलेले असतात. ते पान साडेआठ बाय ११ इंचांचं, मिलिमीटरमध्ये २१६ बाय २७९. आपल्याकडचा ए-फोर २१० बाय २९७, म्हणजे रुंदीला ६ मिलिमीटर कमी. झेरॉक्सवाला किंवा आपलाच प्रिंटर ‘पानात बसवा’ हा पर्याय घेतो आणि सगळं चित्र ९७ टक्क्यांच्या आसपास लहान करतो. ६ इंचांचा ब्लॉक पावणेसहाच्या थोडाच वर उरतो, आणि तीन ब्लॉक जोडले की १८ च्या जागी साडेसतरा इंच भरतात. चार मॅट घरी छापल्या आणि दोन दुकानातून छापून आणल्या, की सेट जुळत नाही तो इथेच.

छापताना १०० टक्के किंवा मूळ माप हाच पर्याय घ्या, आणि अख्ख्या सेटचे कागद एकाच दिवशी एकाच मशीनवर छापा. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढू नका. प्रत्येक वेळी माप थोडं सरकतं, आणि ते उभं-आडवं सारखं सरकेलच असं नाही. कागद साधा झेरॉक्सचाच घ्या, जाड नको. जाड कागद फाडताना टाक्यांना ओढ बसते. वर्तमानपत्र तर मुळीच नको, त्याची शाई फिकट प्लेन कापडावर उतरते.

कागद चुकला असेल आणि सगळे ब्लॉक त्याच मापात झाले असतील, तर उसवू नका. मॅट थोडी लहान होईल, पण सेट जुळेल. अर्धे एका मापाचे आणि अर्धे दुसऱ्या मापाचे असतील, तर लहान ब्लॉकची एक मॅट वेगळी शिवा आणि ती टेबलाच्या मध्ये भांड्याखाली घाला. ओढून-ताणून जुळवलेला ब्लॉक पुढे फुगतोच.

टाके मोजा, सुई बदला

कागद काढताना टाके सैल होत असतील, तर एका शिवणीवर पट्टी ठेवून एका इंचात किती टाके येतात ते मोजा. नेहमीच्या शिवणात साधारण १० येतात. पेपर पीसिंगला १६ ते १८ हवेत. आकडे असलेल्या मशीनवर टाका दीडच्या आसपास ठेवा. काळ्या पायडलच्या मशीनवर टाक्याची कळ वर सरकवून आधी चिंधीखाली कागद धरून टीप मारून बघा. बारीक टाक्यांनी कागदाला दाटीने भोकं पडतात, त्यामुळे तो पोस्टाच्या तिकिटासारखा सुटतो. मोठ्या टाक्यांत कागद चिवट राहतो, आपण जोर लावतो, आणि तो जोर थेट शिवणीला बसतो. मात्र फार बारीकही करू नका. इंचात २० च्या वर गेलात तर कागद शिवतानाच फाटू लागतो आणि उसवायची वेळ आली तर कापडही जातं.

सुई १४ नंबरची घ्या. एरवी पॉपलीनला ११ नंबर पुरतो, पण इथे भोक जरा मोठं पडलेलं बरं. कागदामुळे सुई कापडापेक्षा लवकर बोथट होते. सहा मॅटच्या सेटसाठी दोन सुया वेगळ्या ठेवते आणि कागदाची सुई ब्लाउजला वापरत नाही. शिवताना सुईचा ‘टप टप’ असा आवाज यायला लागला की ती बोथट झाली.

आणखी एक. टीप रेघेच्या आधी दोन-तीन टाके सुरू करा आणि रेघेच्या पुढे दोन-तीन टाके न्या. पुढची शिवण त्यांच्यावरून जाते आणि त्यांना बांधून टाकते.

इस्त्रीतलं पाणी काढा

वाफेच्या इस्त्रीने कागद ओला होतो, आक्रसतो आणि कडेला वळतो. त्याला शिवलेलं कापडही त्याच्याबरोबर वळतं. कागद असेपर्यंत इस्त्री कोरडीच ठेवा. छापलेल्या बाजूवरून इस्त्री फिरवू नका, लेझर प्रिंटची पूड गरम झाली की इस्त्रीच्या तळाला आणि तिथून पिवळ्या कापडाला लागते. इंकजेटच्या शाईला पाणी लागलं तर ती पसरते, म्हणून तसा कागद ओला करून काढण्याच्या फंदात पडू नका.

प्रत्येक तुकडा उलटवल्यावर इस्त्री दाबायची, घासायची नाही. घासली की तिरपा तुकडा ताणला जातो. इस्त्री दर वेळी तापवणं जमत नसेल, तर नखाने किंवा लाकडी चमच्याच्या दांड्याने घडी दाबा. घडी अर्धवट उलटली की शिवणीपाशी कापडाची बारीक दुमड अडकते आणि ब्लॉक तेवढा आखूड होतो. तीस तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये असल्या दुमडी साठत जातात आणि मधोमध जो फुगा येतो तो त्यांचाच.

दोन कर्ण मोजा

आता मॅट उलटी करून टेबलावर पसरा आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. मग दुसरा कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले पाहिजेत. गोट (कडेची पट्टी) लावण्याआधी, साडेबारा बाय साडेअठराच्या मॅटमध्ये, कर्ण सव्वाबावीस इंचांच्या किंचित वर येतो. दोन सुतांचा फरक असला तरी मॅट तिरकी झाली आहे.

कर्ण सारखे आहेत पण लांबी कमी भरते, तर ब्लॉक जोडताना माया जास्त घेतली गेली. हिशेब साधा आहे. आडव्या रांगेत दोन जोड, प्रत्येक जोडात दोन ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमधून एक सूत जास्त घेतलं तर चार सुतं गेली, म्हणजे अर्धा इंच. टोकं गडप होतात तीही इथेच. चांदणीचं टोक ब्लॉकच्या कडेपासून बरोबर पाव इंचावर असतं, आणि टीप त्याच्या आत गेली की टोक कापलं जातं.

मशीनच्या फुटाची (कापड दाबणाऱ्या पायाची) कड म्हणजे पाव इंच असं धरून चालू नका. कागदावर पाव इंचावर रेघ ओढा, सुई त्या रेघेवर टेकवा आणि कागदाची कड जिथे येते तिथे मशीनच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. पुढचे सगळे जोड त्या पट्टीला लावून शिवा. जोड शिवताना कागद दोन्ही ब्लॉकना असलाच पाहिजे, म्हणजे छापलेली रेघ समोर दिसते. दोन्ही टोकांतून टाचणी सरळ उभी आरपार घाला, दोन रेघा एकमेकींवर आल्याची खात्री करा आणि मग बाजूने टाचण्या लावा. टाचणी तिरपी घातली की वरचा ब्लॉक सरकतो.

जोड चुकला असेल तर तेवढाच उसवा. ब्लॉकच्या आतली शिवण उसवायला जाऊ नका.

फिकट रंगाखाली गडद पट्टी

हा दोष प्लेन कापडात फार दिसतो. साध्या गोधडीत किंवा कुशनमध्ये शिवण गडद बाजूला दाबली की काम भागतं. पेपर पीसिंगमध्ये तेवढी मोकळीक नाही. माया नेहमी नव्याने लावलेल्या तुकड्याखाली जाते. म्हणजे आधी जांभळा आणि मग पिवळा लावला, तर जांभळ्याची माया पिवळ्याखाली येणारच.

तपासायला सोपं आहे. ब्लॉक खिडकीच्या काचेवर धरा. पट्टी कुठे दिसते ते पेन्सिलीने कागदावर टिपून ठेवा आणि पुढच्या ब्लॉकमध्ये तिथली गडद माया फिकट मायेपेक्षा एक सूत आखूड ठेवून कापा. फिकट माया वर राहिली की गडद कड तिच्या आड जाते. झालेल्या ब्लॉकमध्ये कागद काढल्यावर मागून बारीक कात्रीने हेच करता येतं, पण टाक्यापासून एक सूत तरी कापड सोडा. वरचं कापडच विरळ असेल तर याचाही उपयोग होत नाही. मग फिकट तुकडा दुहेरी लावायचा, किंवा त्या रंगाचं जाडसर कापड आणायचं.

माया छाटताना प्रत्येक शिवणीला पाव इंचच ठेवा. कागद रेघेवर मागे दुमडून त्यावर पट्टी ठेवा आणि पाव इंचावर कापा. हे न केल्यास आठ टोकं जिथे एकत्र येतात तिथे सोळा पदरांची गाठ होते, ताट डगमगतं आणि सुई मोडते. झालेली गाठ सपाट करायची असेल तर कागद काढल्यावर वाफेची इस्त्री दाबा आणि लगेच त्यावर कोरडा पोळपाट उपडा ठेवून थंड होईपर्यंत दाबून धरा. लाकूड वाफ शोषतं आणि शिवण बसते. शिवणकामाची खास लाकडी ठोकळी मिळते, पण मला पोळपाटाने ती कधी घ्यावीशी वाटली नाही.

कापडाच्या तीन परीक्षा

प्लेन कापड आणायला आपल्याइतकी सोय क्वचितच कुठे असेल. ब्लाउजपीसच्या मॅचिंग सेंटरमध्ये भिंतभर छटा लावलेल्या असतात. पण तिथेच फसगतही होते. टू बाय टू रुबिया, पॉपलीन, अस्तर, फॉल, सगळं एकाच रंगात शेजारी-शेजारी असतं, आणि रंग जुळला की आपण कापड बघतच नाही. एका मॅटमध्ये पॉपलीन आणि रुबिया मिसळलं की दोन वेगळ्या जाडी, दोन वेगळे ताण आणि धुतल्यावर दोन वेगळे आकार. अख्खा सेट एकाच जातीच्या कापडात शिवा. माझी पसंती सुती पॉपलीनला.

पहिली परीक्षा आगीची. कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख हाताने कुस्करते. वितळून टोकाला कडक मणी झाला तर कापडात पॉलिएस्टर आहे. असं कापड घडी धरत नाही, उलटवलेला तुकडा पुन्हा उठतो, आणि गरम भांडं टेकलं तर चकाकी येते. दुकानदार सुती म्हणाला तरी जाळून बघा.

दुसरी पाण्याची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक रंगाचा तागा सारखा आटत नाही. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायच्या तेव्हा ते कापड शंभरदा धुऊन आटून बसलेलं असायचं, म्हणून गोधडी धुतली तरी तिचा आकार बदलत नसे. आपण कोरं कापड वापरतो, तर ते आधी धुतलं पाहिजे. धुवा, सावलीत वाळवा, हलकी खळ द्या आणि इस्त्री करा. खळ दिलेलं कापड कापताना सरकत नाही, हा जोडीचा फायदा.

तिसरी रंगाची. लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे संशयित. ओला पांढरा कपडा कापडावर ठेवा आणि इस्त्री दाबा. रंग उतरला तर कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तिसऱ्या-चौथ्या धुण्यालाही रंग सुटत असेल तर ते कापड मॅटमधून बाद. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून बाजारच्या कापडाचा कच्चा रंग पक्का झालेला मी पाहिलेला नाही.

इथे एक गफलत सारखी होते. पांढऱ्या तुकड्यावर धुताना लाल डाग उमटला की बाई म्हणते, शेजारच्या मरूनचा रंग लागला. पुष्कळदा तो डाग हळदीचा असतो. वरणाचा किंवा रश्शाचा पिवळा ओघळ साबण लागला की लालसर होतो. साबण पूर्ण धुऊन काढला की तो पुन्हा पिवळा दिसतो. मॅट ओली असतानाच कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत हळद उडते. मरूनचा रंग असा जात नाही.

आणि धूपछाव कापड. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. हे कापड फिरवलं की छटा बदलते. आठ तुकड्यांपैकी तीन वेगळ्या रंगाचे वाटत असतील आणि सगळे एकाच कापडातले असतील, तर तुम्ही ते वेगवेगळ्या दिशेने कापले आहेत. दुरुस्ती नाही, ते तीन तुकडे पुन्हा लावावे लागतील. पुढच्या वेळी कापतानाच प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याचा बाण काढा.

उरेब: कोपरा उचलण्याचं खरं कारण

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी मोहरी आणि नीळ रंगाची मॅट घेऊन आली. “काकू, सगळं मापात आहे. कर्णसुद्धा मोजले. तरी हा कोपरा उडतोच.” मॅट खरंच मापात होती. मी उचललेल्या कोपऱ्याजवळची कड दोन अंगठ्यांच्या मध्ये धरली आणि हलकेच ओढली. कापड रबरासारखं लांबलं. समोरच्या कोपऱ्याची कड तशीच ओढली, ती जागची हलली नाही. “अगं, ही कड उरेबावर आली आहे,” मी तिला दाखवलं. तुकड्याचे धागे कडेला तिरके जात होते, भिंगाशिवाय दिसत होते.

पेपर पीसिंगमध्ये ही चूक सहज होते, कारण आपण वेड्यावाकड्या चिंध्या वापरतो आणि कागदाने सगळं ताठ धरलेलं असतं. कागद असेपर्यंत उरेबाची कड मुकाट राहते. कागद निघाला, दोनदा इस्त्री फिरली, गोट लावताना थोडी ओढ बसली, की ती लांबते. शेजारची सरळ धाग्याची कड लांबत नाही. जास्तीचं कापड कुठेतरी जायला हवं, म्हणून ते वर उठतं.

नियम एकच. ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येणारा प्रत्येक तुकडा असा लावा, की त्याचा उभा किंवा आडवा धागा कडेला समांतर राहील. आतले तुकडे तिरके गेले तरी चालतात, त्यांना चारही बाजूंनी शिवणी धरून ठेवतात. कोपऱ्याच्या त्रिकोणासाठी चौकोन कर्णावर एकदाच कापा. मग त्रिकोणाच्या दोन आखूड बाजू सरळ धाग्यावर येतात आणि लांब बाजू उरेबावर. आखूड बाजू बाहेर, लांब बाजू आत. तुकडा गरजेपेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा घ्या, म्हणजे दिशा सांभाळायला जागा राहते. चिंधी वाचवायच्या नादात ही दिशा जाते, आणि मग अख्खी मॅट जाते.

दोष झालेलाच असेल तर? कागद अजून काढला नसेल, तर काढू नका. ब्लॉकच्या चारही कडांना, कडेपासून एक सूत आत, साध्या टाक्याची टीप मारा आणि मग ब्लॉक एकमेकांना जोडा. सगळे ब्लॉक जोडून होईपर्यंत कागद ठेवायचा, बाहेरच्या कडेचा कागद अगदी शेवटी. कागद निघाला असेल आणि कड लांबलेली असेल, तर त्या कडेवर कच्चा धावदोरा घाला, दोरा अलगद ओढून कड पट्टीच्या मापात आणा, ओला कपडा ठेवून वाफ द्या आणि थंड होऊ द्या. दोन-तीन सुतांपर्यंतचं लांबणं असं आटतं. त्यापेक्षा जास्त असेल तर तेवढा ब्लॉक नव्याने करा. त्या मुलीचा एकच ब्लॉक बदलावा लागला. दुपारभरात मॅट सपाट बसली.

आतलं वॅडिंग आणि बाहेरचा गोट

वरचा भाग सपाट होता आणि पूर्ण झाल्यावर बिघडला, तर दोष इथे आहे. कागदाचा एकही कपटा आत राहू देऊ नका, तो धुतल्यावर गोळा होतो. टेबल मॅटला जाड पॉलिएस्टरचं वॅडिंग (दोन कापडांमधला भराव) घालू नका. ताट, ग्लास डुगडुगतात आणि इस्त्रीने ते वितळतं. धुतलेलं फ्लॅनेल किंवा जुन्या सुती चादरीचे दोन पदर पुरतात. गरम कढई मात्र अशा मॅटवर ठेवायची नाही.

वरचं कापड, मधलं आणि खालचं, तिन्ही कच्च्या दोऱ्याने मधून बाहेरच्या दिशेने टाचा. मशीनच्या टिपांनी कापड आत ओढलं जातं, म्हणून मधलं आणि खालचं कापड सगळीकडून इंचभर मोठं ठेवा आणि टिपा मारून झाल्यावरच छाटा. टिपा मधोमध दाट आणि कडेला विरळ असतील तर कडा लाटेसारख्या होतात. मध्ये विरळ आणि कडेला दाट असतील तर मध्ये फुगा. सगळीकडे सारख्या अंतरावर घ्या. गोटाची पट्टी सरळ कडांसाठी आडव्या धाग्यावर कापा, आणि लावताना ती ओढू नका. ओढलेला गोट नंतर आटतो आणि चारही कोपरे वाटीसारखे वर घेतो. फक्त गोटाने बिघडलेली मॅट ओळखायची खूण अशी: गोट उसवल्यावर ती आपोआप सपाट होते.

आता मशीन

वरचं सगळं ठीक असूनही टाके सुटत असतील, तर आधी चार गोष्टी करा. नवी सुई घाला. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा, फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. खाली गुंता होतो तो बहुतेक वेळा याच वरच्या दोऱ्यामुळे, बॉबिनमुळे नाही. मग प्लग काढून पत्रा उघडा, कापड सरकवणारे दात आणि शटल (खालचा दोरा गुंफणारा भाग) यांच्याजवळची कागदाची पूड ब्रशने झाडा. फुंकू नका, पूड आणखी आत जाते आणि तोंडाची वाफ लोखंडाला लागते. शेवटी यंत्राला तेल लागत असेल तर एक-एक थेंब द्या आणि चिंधीवर शिवून घ्या, नाहीतर तेल मॅटवर उतरेल.

यानंतर कागद न लावता पॉपलीनच्या दोन पदरांवर वीतभर टीप मारून बघा. ती नीट आली तर मशीन चांगलं आहे, पुन्हा कागद आणि सुईकडे वळा.

इथे थांबा

त्या साध्या दोन पदरांवरही टाके सुटत असतील, तर सुई आणि शटलची वेळ जुळत नाही. हे काम मेकॅनिकचं. स्क्रू सैल करून स्वतः जुळवायला जाऊ नका, मी असं उघडलेलं मशीन नंतर दुप्पट खर्चाने लागलेलं पाहिलं आहे. हातचाक जड फिरत असेल, सुई आत कुठे लोखंडावर आपटत असेल, तरीही तेच. मोटरला जळका वास, पायडलपाशी ठिणगी, मशीनला किंवा इस्त्रीला हात लावल्यावर झिणझिण्या, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत ती वस्तू वापरू नका.

मॅटच्या बाबतीतही थांबायची जागा आहे. एकच शिवण दोनदा उसवली असेल तर तिसऱ्यांदा उसवू नका. बारीक टाक्यांमुळे विणीत भोकं पडतात आणि तिथे कापड पुढे सुटतं. ब्लॉक नवा करा. रंग सगळीकडे पसरला असेल तर ब्लीच घालू नका, त्याने चांगला रंगही जातो. मॅट वाळवू न देता ओलीच ठेवून गार पाण्यात पुन्हा-पुन्हा खळबळा, आणि तरी डाग राहिला तर ड्रायक्लीनिंगवाल्याला दाखवा. त्याला कापड सुती आहे आणि कुठल्या रंगाने डाग दिला, हे दोन्ही सांगा.

मेकॅनिककडे मशीन नेताना तुमचं कापड, कागद, दोरा आणि तीच सुई बरोबर न्या. तो आपल्या चिंधीवर दोन टिपा मारून “चालतंय की” म्हणेल. तुमच्या कापडाखाली तुमचा कागद धरून, टाका दीडवर ठेवून, त्याच्यासमोर वीतभर टीप मारून दाखवायला सांगा, आणि ती हातात घेऊन इंचातले टाके मोजा.